रंदा मशीन आणि कानांचा बंदोबस्त

नागपुरातील लकडगंजच्या एका गल्लीत माझे फर्निचरचे वर्कशॉप आहे. सागवानी दारे, चौकटी, देवघरे आणि पलंग ही आमची बारमाही कामे, आणि पोळ्याच्या आधीचे काही आठवडे तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगायचे, तर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे लहान मुले चाकांवरचे लाकडी नंदी सजवून घरोघरी फिरवतात आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात. त्यामुळे श्रावणात आमची यंत्रे दिवसाचे दहा-अकरा तास चालतात. दोन वर्षांपूर्वी याच दिवसांत इतवारीतील एक जुने व्यापारी वर्कशॉपच्या दारात उभे राहून ‘मधल्या मापाचे साठ’ असे सांगून गेले आणि मी वहीत ‘आठ’ लिहून घेतले. माल नेण्यासाठी ते आले तेव्हा टेबलावर आठ बैल रांगेत उभे होते. त्यांनी ते पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, आणि उरलेले बावन्न पूर्ण करण्यासाठी आम्हाला पुढच्या तीन रात्री जागाव्या लागल्या.

त्या वेळी मी डस्ट कलेक्टरच्या, म्हणजे भुस्सा ओढून घेणाऱ्या यंत्राच्या, आवाजाला दोष दिला. पुढे कानात सतत एक बारीक सूर वाजत असल्याचे रात्री जाणवू लागले, तेव्हा ईएनटी डॉक्टरांकडे जाऊन श्रवणचाचणी करून घेतली. चाचणीच्या आलेखावर जाडे स्वर मला व्यवस्थित ऐकू येत असल्याचे दिसत होते. पण ४००० हर्ट्झच्या आसपास रेषा एकदम खड्ड्यात उतरून पुढे थोडी वर आली होती, आणि डाव्या कानाचा खड्डा अधिक खोल होता. आलेख पाहूनच डॉक्टरांनी विचारले, “तुम्ही कोणत्या मशीनवर काम करता?” आवाजामुळे होणाऱ्या बहिरेपणाची ही ठरलेली खूण असते. अंतःकर्णातील शंखाकृती नलिकेत ज्या सूक्ष्म केशपेशी असतात, त्यांपैकी ३००० ते ६००० हर्ट्झचे स्वर टिपणाऱ्या पेशी गोंगाटाने आधी मरतात आणि माणसाच्या शरीरात त्या पुन्हा उगवत नाहीत. मराठीतला ‘स’ नेमका याच वरच्या पट्टीतला वर्ण आहे. तो गळून पडला की ‘साठ’चा ‘आठ’ होतो. हे उदाहरण डॉक्टरांना सांगितले, तेव्हा ते हसले आणि मग त्यांनी पुढच्या महिन्यांत मी काय करायला हवे ते बरेच गंभीरपणे सांगितले.

गेलेले परत येणार नाही हे मान्य केल्यावर उरलेले जपणे एवढेच हाती राहते. त्यासाठी कानाला काय लावावे हा प्रश्न मला सुरुवातीला अगदी किरकोळ वाटला होता. दुकानात जाऊन एक वस्तू आणायची आणि लावायची, असा माझा समज होता. प्रत्यक्षात माझ्यासह वर्कशॉपमधील पाच जणांना जे दिवसभर सहन होईल असे साधन शोधण्यात सुमारे दीड वर्ष गेले. या काळात झालेल्या चुका आणि हाती लागलेली माहिती अशा छोट्या वर्कशॉपच्या मालकांना उपयोगी पडेल, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आवाज किती आहे हे मोजल्याशिवाय खरेदीला निघू नये. अमेरिकेच्या नायॉश या कामगार-आरोग्यावरील संशोधन संस्थेचे आवाज मोजण्याचे मोफत अॅप आयफोनवर मिळते. ते मुलीच्या फोनवर घेऊन आम्ही प्रत्येक यंत्राजवळ, काम करणाऱ्याच्या कानाच्या उंचीवर फोन धरला. फोनचा माइक हे काही प्रयोगशाळेतले उपकरण नव्हे आणि फार मोठ्या आवाजाला तो कमी आकडा दाखवतो, तरी अंदाज येण्यापुरते ते पुरेसे आहे. आमच्याकडे रंदा मशीनजवळ ९८, कटर मशीनवर सागाची जाड फळी चिरताना १०१, लाकडात खाचा आणि नक्षी कोरणाऱ्या राउटरजवळ ९७, डस्ट कलेक्टरजवळ ८४ आणि खरादीवर ८२ डेसिबल असे आकडे आले. यांतील ८४ आणि ९८ मधला फरक चौदाचाच दिसत असला, तरी डेसिबलचे गणित साध्या बेरजेचे नाही. दर ३ डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते, म्हणजे रंदा मशीन डस्ट कलेक्टरपेक्षा पंचवीसपट ऊर्जा कानावर ओतत असते.

नायॉशची शिफारस अशी आहे की ८५ डेसिबलचा आवाज आठ तास चालेल, ८८ चा चार तास, ९१ चा दोन तास, ९४ चा एक तास, आणि ९७ चा केवळ अर्धा तास. आपल्याकडील कारखान्यांच्या नियमांत आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा परिचित आहे, आणि आवाजामुळे येणाऱ्या बहिरेपणाचा समावेश १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत, म्हणजे कळवणे बंधनकारक असलेल्या व्यवसायजन्य रोगांत करण्यात आला होता. पाच माणसांच्या गल्लीतल्या वर्कशॉपमध्ये हे तपासायला कोणी येत नाही, हेही तितकेच खरे. मी ८५ ची मर्यादा धरून चाललो. त्या हिशेबाने आमच्या कटर मशीनवर उघड्या कानांनी उभे राहण्याची दिवसाची मुभा पंधरा मिनिटांहूनही कमी भरते.

तोवर आमच्याकडे कानांचा बंदोबस्त म्हणजे कापूस. कापसाच्या मुलखात राहून दुसरे काय सुचणार! अत्तराचा फाया ठेवावा तसा कापसाचा बोळा कानात खोचायचा आणि कामाला लागायचे, ही पद्धत वडिलांच्या काळापासून चालत आलेली होती. कोरडा कापूस मोकळा आणि सच्छिद्र असल्याने त्यातून आवाज जवळजवळ सरळ आत जातो; फार तर पाच-सात डेसिबलचा फरक पडतो. त्यात काहींना कापूस तेलात भिजवून घालण्याची सवय असते, ती तर कानासाठी आणखीच वाईट. बोळा घातल्याचे समाधान मात्र पूर्ण मिळते, आणि या समाधानामुळेच मी वीस वर्षे निर्धास्त राहिलो.

कापूस बाद केल्यावर पहिली खरेदी मी एका दुकानातून केली, त्याचे नाव सांगण्यात अर्थ नाही. नारिंगी रंगाचे पाच इअरमफ, प्रत्येकी दीडशे रुपये. आमचे कारागीर त्यांना सरळ ‘हेडफोन’ म्हणतात आणि यापुढे मीही कुठे कुठे तसेच म्हणेन. खोक्यावर सुरक्षिततेच्या घोषणा पुष्कळ होत्या, पण आवाज किती कमी होतो याचा आकडा कुठेही नव्हता. आतील गादी कडक, डोक्यावरची पट्टी कमकुवत, आणि वाटी इतकी उथळ की कानाची पाळी आतल्या स्पंजला टेकत असे. अर्ध्या तासात पाळी दुखू लागे. आठवड्याभरात पाचही हेडफोन खिळ्यांवर लटकत राहिले आणि त्यांच्यावर भुश्श्याचा थर चढला. त्यातून एक गोष्ट पक्की शिकलो: ज्या खोक्यावर आकडा आणि मानकाचा क्रमांक नाही, ते हातात घेऊच नये. भारतीय मानक आयएस ९१६७ आहे, युरोपातील ईएन ३५२; आणि आकडा अमेरिकी पद्धतीचा असल्यास त्याला एनआरआर म्हणतात, युरोपीय असल्यास एसएनआर.

हा आकडाही जसाच्या तसा घ्यायचा नसतो. तो प्रयोगशाळेत, शिकवलेल्या माणसांच्या कानांवर, नीट बसवून मोजलेला असतो. घामाने भिजलेल्या, घाईत असलेल्या माणसाच्या कानावर तितके संरक्षण मिळत नाही. अमेरिकेच्या ओशा या कामगार-सुरक्षा यंत्रणेचा एक ढोबळ हिशेब प्रसिद्ध आहे: एनआरआरमधून ७ वजा करावेत आणि उरलेल्याचे निम्मे धरावे. म्हणजे खोक्यावर ३३ लिहिलेले असेल, तर भरवशाचे १३ डेसिबल. हिशेब कठोर आहे, पण पिवळे फोमचे इअरप्लग अर्धवट खोचून काम करणारी माझी माणसे मी रोज पाहत होतो, त्यामुळे तो मला अन्यायकारक वाटला नाही.

फोमचे इअरप्लग ही आमची दुसरी खरेदी. जोडी दहा-बारा रुपयांना मिळते आणि नीट बसवली तर याच्याइतके संरक्षण देणारे स्वस्त साधन दुसरे नाही. अडचण ‘नीट बसवली तर’ या तीन शब्दांत आहे. बोळा बोटांत लाटून, उदबत्तीच्या काडीपेक्षा थोडा जाड होईपर्यंत, सुरकुती न पडू देता बारीक करावा लागतो. मग विरुद्ध बाजूचा हात डोक्यावरून आणून कान वर आणि मागे ओढायचा, कारण त्याने कानाची वाकडी नळी सरळ होते. बोळा आत सरकवायचा आणि तो फुगेपर्यंत, म्हणजे वीस-तीस सेकंद, बोटाने धरून ठेवायचा. बहुतेक जण बूच लावल्यासारखा बोळा तोंडाशी ठेवून मोकळे होतात. अशा वरवर लावलेल्या बोळ्याने आवाज फारसा अडत नाही, शिवाय स्वतःचा आवाज डोक्यात घुमू लागतो आणि म्हणून तो नकोसाही वाटतो. तोच बोळा खोलवर गेला की हा घुमणारा आवाज बराच कमी होतो. बसला की नाही हे ओळखण्याची एक सोपी युक्ती आहे. मशीन चालू असताना दोन्ही तळवे कानांवर घट्ट दाबावेत आणि काढावेत. आवाजात मोठा फरक पडला, तर बोळा बसलेला नाही.

आमच्या धंद्यात फोमची दुसरी अडचण हातांची आहे. फेविकॉल, पॉलिश, भुस्सा यांनी माखलेल्या बोटांनी लाटलेला बोळा कानात जाणार, हा विचारच बरा नाही. दर वेळी हात धुऊन यावे असे सांगणे सोपे असते, पण दिवसातून वीस वेळा मशीन चालू-बंद करणारा माणूस ते करणार नाही. काडी असलेले बोळे यावर बरे. त्यांना लाटावे लागत नाही, काडीला धरून आत ढकलता येतात. घासकामाला येणाऱ्या ताईंना मात्र कोणताही फोमचा बोळा सोसेना. त्यांच्या कानाची नळी अरुंद होती आणि नेहमीच्या मापाचा बोळा आत फुगला की ठणका लागे. त्यांनी कधी तक्रार केली नाही, कोणी पाहत नसताना बोळे काढून पदराच्या गाठीत ठेवत, हे मला दोन महिन्यांनी कळले. लहान मापाचे, तीन चकत्यांचे सिलिकॉनचे इअरप्लग आणून दिल्यावर तो प्रश्न सुटला. ते धुता येतात आणि लाटावे लागत नाहीत. बहुतेकांना दोरी जोडलेली असते. ती मी कात्रीने कापून टाकली, कारण खराद किंवा राउटर असलेल्या जागी गळ्यात लोंबणारी कोणतीही दोरी मला मान्य नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. एका संध्याकाळी कागदावर मांडलेले एक साधे गणित पाहून माझी खरेदीची सारी दृष्टी बदलली. समजा, ३० डेसिबल कमी करणारे उत्तम साधन आठ तास लावले. आता त्या आठ तासांतून ते केवळ पाच मिनिटे काढले, घाम पुसायला म्हणा किंवा फोन घ्यायला, आणि मशीन चालूच राहिले. त्या पाच मिनिटांत कानावर जी ऊर्जा येते ती इतकी अधिक असते की दिवसभराचा हिशेब ३० वरून सुमारे १९ डेसिबलवर घसरतो. अर्धा तास काढले, तर तो १२ वर येतो. निम्मा वेळ काढून ठेवले, तर महागातल्या महाग साधनानेही दिवसअखेर ३ डेसिबलपलीकडे काही मिळत नाही. याउलट २० डेसिबलचे साधे साधन दिवसभर एकदाही न काढता कानावर राहिले, तर पूर्ण २० मिळतात. म्हणजे खोक्यावरचा मोठा आकडा विकत घ्यायचा आणि ते साधन टोचते म्हणून पाच-पाच मिनिटांनी काढायचे, हा शुद्ध आतबट्ट्याचा व्यवहार आहे. कानावर ते आरामात राहते का, याला मी तोवर लाड समजत होतो. संरक्षणाचा खरा आकडा त्यावरच ठरतो, हे या गणिताने मला पटवले.

त्यामुळे अतिसंरक्षण हाही दोषच ठरतो. युरोपीय मार्गदर्शनानुसार साधन लावल्यावर कानापर्यंत पोहोचणारा आवाज ७५ ते ८० डेसिबलच्या दरम्यान असावा. ७० च्या खाली गेला की माणसाला जगापासून तुटल्यासारखे वाटते, हाका ऐकू येत नाहीत, आणि तो साधन काढून ठेवतो. आमच्या ९८ ते १०१ च्या आवाजाला प्रत्यक्षात वीस-पंचवीस डेसिबलचे संरक्षण पुरते. बोळा आणि मफ असे दोन्ही एकावर एक लावण्याचा प्रयोग मी उत्साहाने करून पाहिला. पण त्यात दोन आकड्यांची बेरीज होत नाही, मोठ्या आकड्यावर जेमतेम पाचेक डेसिबल अधिक मिळतात, आणि आमच्या कामाला त्याची गरज नव्हती.

या बाबतीत आमचे वयस्क मिस्त्री, ज्यांना सगळे काका म्हणतात, ते शेवटपर्यंत अडून राहिले होते. “भाऊ, मले मशीनचा आवाज आयकू आला पाह्यजे नं. पातं बोथट झालं का गाठ आली, हे कानानंच समजते.” हा युक्तिवाद हट्टाचा नव्हता. पात्याचा सूर बदलला की हात आपोआप सैल करणारा कारागीर मी रोज पाहतो, आणि त्या सुराकडे दुर्लक्ष केले तर फळी उलटी फेकली जाते. ज्याचे कान धड आहेत त्याला मोठ्या गोंगाटात कर्णरक्षक लावल्यावर बोलणे बहुधा आधीइतकेच किंवा किंचित अधिक स्पष्ट कळते, कारण कान गुदमरलेला नसतो. पण काकांचे कान चाळीस वर्षांच्या कामाने माझ्याहून अधिक गेलेले आहेत, आणि अशा माणसाला जाड संरक्षण दिले की उरलेसुरले वरचे स्वरही बुडतात. साधे मफ आणि फोम वरचे स्वर अधिक अडवतात, खालचे कमी. त्यामुळे सगळे बोळ्याआडून बोलल्यासारखे ऐकू येते. त्यांच्यासाठी मी शेवटी सर्व स्वर जवळपास सारखेच कमी करणारे, छोटी गाळणी बसवलेले इअरप्लग मागवले, जे वादक मंडळी वापरतात. संरक्षण थोडे कमी, पण पात्याचा सूर ओळखू येतो. काकांनी ते लावून एक फळी रंधून पाहिली, काही न बोलता दुसरी घेतली, आणि त्यानंतर हा विषय आमच्यात निघाला नाही.

नागपूरचा उन्हाळा हा या निवडीतला सर्वांत कठीण परीक्षक आहे. बाहेरची माहिती वाचताना हे सतत जाणवते की ती थंड प्रदेशातल्या माणसांनी लिहिलेली आहे. पारा ४५ च्या वर गेलेला, वर पत्र्याचे छप्पर, आणि कानांवर कृत्रिम चामड्याच्या दोन हवाबंद गाद्या, ही अवस्था दहा मिनिटांपलीकडे कोणी सहन करत नाही. घाम गादीखाली साचतो, कानामागे पुरळ उठते, वाटी घसरते. गाद्यांवर चढवायची सुती आवरणे मिळतात. ती घाम टिपतात, रोज धुता येतात आणि त्यांच्यामुळे संरक्षणात थोडीच घट येते, म्हणून मार्च उजाडताच ती चढवलेली बरी. पण त्याहून मोठी गोष्ट दुपट्ट्याची. आमची माणसे उन्हातून येताना डोक्याला आणि कानांना दुपट्टा गुंडाळून येतात आणि बरेचदा तो तसाच ठेवून वरून हेडफोन चढवतात. गादी आणि कातडीमध्ये कापडाची एक घडी आली की आवाजाला आत शिरायला वाट मिळते आणि त्या साधनाचा फारसा उपयोग उरत नाही. टोपीची कड, दाट केस, चष्म्याची काडी यांचेही तेच. माझ्या स्वतःच्या चष्म्याच्या काड्या जाड होत्या. मफ लावले की काडी कानावर रुतत असे आणि गादीत फटही राहत असे. मी बारीक तारेच्या काड्यांची चौकट बनवून घेतली. ज्याला चष्मा बदलायचा नसेल त्याने मफच्या मागे न लागता इअरप्लग घ्यावेत, हे सरळ.

म्हणून आमच्याकडे आता ऋतूप्रमाणे सामान बदलते. मार्च ते जून इअरप्लग, आणि मशीन अधूनमधून चालवणाऱ्यांसाठी पट्टीचे बोळे, म्हणजे हनुवटीखाली किंवा मानेमागे राहणारी हलकी पट्टी आणि तिच्या दोन टोकांना मऊ गोळे. त्यांचे संरक्षण सर्वांत कमी असते आणि दोन-तीन तासांनी ते कानाच्या तोंडाशी दाबून दुखतात, पण पाच मिनिटे मशीन चालवून पंधरा मिनिटे मापे घेणाऱ्या माणसासाठी यांच्यासारखे सोयीचे काही नाही. काढले तर गळ्यातच राहतात, धुळीत पडत नाहीत. पट्टी कपड्यांना किंवा यंत्राला घासली की तिचा आवाज मात्र थेट कानात वाजतो. नोव्हेंबरपासून चित्र उलटते. डिसेंबरच्या सकाळी पारा दहाच्या आसपास असताना मफ कानटोपीचे काम करतात, आणि एरवी त्यांना नावे ठेवणारी मंडळी चहाच्या वेळीही ते उतरवत नाहीत.

मफ निवडताना मी काय पाहतो ते थोडक्यात सांगतो. वाटीत पूर्ण कान मावला पाहिजे आणि पाळी आत कुठेही टेकता कामा नये; वजन अडीचशे ग्रॅमच्या आसपास किंवा कमी असावे; गादी मऊ आणि बदलता येण्याजोगी असावी. दुकानात दोन मिनिटे लावून काही कळत नाही. मी वीस मिनिटे लावून काउंटरशी गप्पा मारत उभा राहतो, दुकानदार कितीही चमत्कारिक नजरेने पाहो. पट्टीचा दाब हा खरा पेच आहे. दाब अधिक असला की डोके दुखते, कमी असला की आवाज आत येतो. युरोपीय मानकात त्याची कमाल मर्यादा १४ न्यूटन ठेवलेली आहे. नवी पट्टी पुस्तकांच्या थप्पीवर रात्रभर ताणून सैल करण्याचा सल्ला अनेक जण देतात. मी तो मानत नाही, कारण सैल झालेली पट्टी पुन्हा घट्ट होत नाही. महिनाभर सोसावे, तेवढ्यात ती स्वतःच बसते, नाहीतर दुसऱ्या मापाचे मफ घ्यावे.

माझ्या मुलीने तिचे नॉइज कॅन्सलिंग हेडफोन मोठ्या प्रेमाने देऊ केले होते. ती सोय विमानातल्या किंवा रेल्वेतल्या संथ, जाड घरघरीसाठी आहे. उलट लहर निर्माण करून ती खालचे स्वर पुसते, पण पात्याच्या किंचाळीसारखे वरचे स्वर तिला पेलत नाहीत, आणि ते यंत्र श्रवणसंरक्षणाच्या कोणत्याही मानकावर तपासलेले नव्हते. शिवाय त्यावर गाणी लावली की गोंगाटावर मात करण्यासाठी माणूस आवाज वाढवत नेतो. मी ते परत केले. वर्कशॉपसाठी बनवलेले इलेक्ट्रॉनिक मफ वेगळे. त्यांत बाहेरचे बोलणे माइकमधून आत येते आणि आतला आवाज ८२ डेसिबलच्या आसपास रोखला जातो. एक जोड घेण्याचा मोह मला अजून आहे, किंमत पाहून दर वेळी पुढे ढकलतो.

पावसाळ्याबद्दल एक सूचना द्यावीशी वाटते. कूलरची दमट हवा, घाम आणि कानात तेल घालण्याची सवय यांमुळे आमच्या एका तरुण कारागिराच्या कानात बुरशी झाली. डॉक्टरांनी कान बरा होईपर्यंत आत काहीही घालायचे नाही असे बजावले, तेव्हा त्याला ऐन जुलैत मफ लावावे लागले. कान वाहत असेल, खाजत असेल किंवा आत मळ घट्ट बसला असेल, तर इअरप्लग वापरू नयेत; मळ असल्यास बोळा तो आणखी आत लोटतो. फोमचे बोळे मळकट किंवा ताठ झाले की फेकून द्यावेत. धुऊन वाळवलेला फोम पूर्वीसारखा फुगत नाही, आणि दहा रुपये वाचवण्याची ही जागा नव्हे.

सध्या प्रत्येक मशीनच्या स्विचशेजारी एक खिळा आहे आणि त्यावर त्या मशीनवर काम करणाऱ्याचे साधन, झाकणाच्या डबीत, लटकलेले असते. आधी कान, मग स्विच, असा क्रम त्यामुळे आपसूक पडला. भिंतीवर सूचनेचा कागद लावून तो पडला नव्हता. कटर मशीनचे पाते वेळेवर धार लावून घेणे आणि डस्ट कलेक्टर भिंतीपलीकडे नेणे, ही दोन कामेही केली आहेत, आणि त्यांनी वर्कशॉपचा एकूण गोंगाट जाणवण्याइतका उतरला आहे. राउटरचा प्रश्न मात्र मे महिन्यापुरता अजून सुटलेला नाही. त्यावर चेहऱ्याला मास्क, डोळ्यांना चष्मा आणि कानांना काहीतरी, असे तिन्ही एकदम लागते आणि त्या उकाड्यात तिन्हींपैकी एक गोष्ट कोणीतरी काढतोच. तूर्त राउटरचे काम मी पहाटे सहा ते नऊमध्ये उरकून घेतो.

मफच्या गाद्या घामाने आणि तेलकटपणाने साधारण सहा महिन्यांत ताठ होऊन चिरतात, म्हणून नव्या गाद्यांच्या आतल्या बाजूला बसवल्याची तारीख मार्करने लिहून ठेवतो. या वर्षीच्या गाद्या पोळ्याच्या आधी बदलायच्या आहेत. इतवारीच्या त्या व्यापाऱ्यांची मागणी यंदाही आली आहे, पण आता ते आकडा तोंडी सांगत नाहीत, चिठ्ठीवर लिहून देतात आणि त्याखाली अक्षरीही लिहितात.